सार्वमत : ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

१. प्रस्तावना

शहागंजच्या बाजारात हातगाड्यांना जागा ठेवावी की रस्ता मोकळा करावा, यावर नागरिकांचा कौल घेतला, अशी कल्पना करा. भाजीविक्रेत्याचे मत पोटासाठी असेल. पण अशी शेकडो पोटे त्या बाजारावर अवलंबून असतील, तर ते मत केवळ स्वार्थाचे म्हणता येईल काय? स्वहित आणि लोकहित यांची सीमारेषा कोठे असते, हे प्रस्तुत घटकात आपण गोव्याच्या उदाहरणावरून पाहू.

२. गोव्याचा जनमत कौल

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांपुढे दोन पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण (चिन्ह फूल) किंवा स्वतंत्र संघप्रदेश (चिन्ह दोन पाने). दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूने, तर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात होता. विलीनीकरणास १,३८,१७० आणि संघप्रदेशास १,७२,१९१ मते मिळाली.

भाटकारांच्या वर्चस्वातून सुटण्याची कुळांची आशा, नोकऱ्या बाहेरच्यांकडे जातील ही सुशिक्षितांची भीती, महाराष्ट्रातील दारूबंदी आपल्यावर येईल ही माडी काढणाऱ्यांची धास्ती, ही सर्व स्वहितेच होती. त्यांच्या जोडीला मराठी-कोंकणीचा आणि गोव्याच्या वेगळेपणाचा प्रश्न होता. मात्र मार्च १९६७ च्या निवडणुकीत गोव्याने पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला सत्ता दिली. राज्य कोणी करावे आणि आपण कोठे असावे, हे दोन प्रश्न मतदारांनी वेगळे ठेवले. सरकार पाच वर्षांनी बदलता येते. असा कौल मात्र पुढील पिढ्यांनाही बांधतो.

३. भाषेचा दाखला

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते. ‘आपण’ त्याला सामावून घेते. स्वहित म्हणजे दोष नव्हे. दोष आहे तो ‘आम्ही’चे हित ‘आपले’ म्हणून मांडण्यात. बोलीत ‘आपण नाही घाबरत’ असे म्हणताना ‘आपण’चा अर्थ ‘मी’ एवढाच असतो, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून मतदाराने स्वतःला विचारावे : माझ्या मताचा भार ज्याच्यावर पडणार आहे, त्याच्यासमोर उभे राहून मला ‘आपण’ म्हणता येईल काय? कौलानंतर फूल आणि दोन पाने यांना मत देणारे एकाच गावात राहणार होते.

४. स्वाध्याय

(अ) गोव्याच्या कौलातील कोणत्याही एका स्वहितामागील लोकहित स्पष्ट करा.
(आ) एखाद्या प्रचारभाषणातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे उपयोग नोंदवून त्यांतून कोण वगळले जाते, ते सांगा.