कोल्हापूरची गुऱ्हाळघरे

पंचगंगेच्या खोऱ्यातील मळ्यांत जुन्या शेतीची सर्वांत ऐसपैस वास्तू म्हणजे गुऱ्हाळघर. कौलांचे किंवा उसाच्या पाल्याने शाकारलेले उंच छप्पर, अर्ध्या भिंती, एका कडेला चुलवण आणि धुराडे, जवळ विहीर आणि पुढे चिपाड वाळवायला मोकळे रान. बांधणी साधी, पण विचार करून केलेली. येथे माणसाने राहायचे नसते. धूर आणि वाफ बाहेर जायची असते.

कोल्हापुरात गूळ जुनाच, पण त्याला मोठी बाजारपेठ मिळाली ती राजर्षी शाहू महाराजांच्या काळात. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि आसपासच्या गावांतला गूळ तेथे उतरू लागला. १९०९ मध्ये भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाचे काम सुरू झाले. पुढे भोगावतीच्या पाण्यावर आणि नद्यांवरच्या ‘कोल्हापूर पद्धतीच्या’ बंधाऱ्यांवर ऊस पसरत गेला. अवजारेही बदलली. बैलांनी फिरणाऱ्या लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक आला. असे चरक आणि नांगर १९१० मध्ये वसलेल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत घडू लागले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना ओतकामासाठी दिल्या. तोफांचा याहून चांगला शेवट क्वचितच झाला असेल. नंतर तेलावरचे इंजिन आले, मग वीज. बैल सुटले, पण चुलवणाची रीत फारशी बदलली नाही.

चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, येतो. खाली जळण म्हणून त्याच उसाचे वाळलेले चिपाड, त्यामुळे लाकूड लागत नाही. रस तापू लागला की ठेचलेल्या रानभेंडीचे बुळबुळीत पाणी घालतात. त्यात गाळ धरला जातो आणि मळी वर येते, ती काढून टाकायची. मग रस आटत जातो. मध्येच उतरवला तर काकवी, पुढे नेला तर गूळ. पाक नेमका कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो: थेंबभर पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पाहतो. थोडे आधी उतरले तर गूळ बसत नाही, थोडे उशिरा उतरले तर करपतो. काहील वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ जागेत, ओतल्यावर पाक घोटून, निववून कापड घातलेल्या साच्यांत भरतात. ३० किलोचा रवा ही बाजारातली जुनी ओळख. आता एक किलोच्या ढेपाही निघतात.

गुऱ्हाळ चालू असताना वाटसरूला रस आणि गरम गूळ फुकट देण्याची रीत होती. तिचा हिशेब कोणी ठेवत नसे.

गुऱ्हाळांना पहिला मोठा स्पर्धक १९३२ मध्ये कसबा बावड्यात आला, तो कोल्हापूर शुगर मिल. स्वातंत्र्यानंतर भोगावती, कुंभी-कासारी, वारणा, पंचगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कारखाना ऊस तोडून नेतो आणि ठरलेला दर देतो. गुळाचा दर मात्र सौद्यात रोज हलतो. त्यात रात्रंदिवस चुलीपुढे राबणारे मजूर मिळेनासे झाले. पिवळ्याधमक रंगाच्या हट्टापायी काही ठिकाणी रसायने आली, साखर मिसळली जाऊ लागली, आणि बाहेरचा गूळही ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला जाऊ लागला. एकेक गुऱ्हाळ बंद पडत गेले.

बंद गुऱ्हाळघर लवकर ढासळते. कौले उतरवली जातात, काहील भंगारात जाते, उरलेल्या भिंतींत गुरे बांधतात. जतनाचे कायदे त्याच्या मदतीला सहसा येत नाहीत. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा स्मारक कायदा यांचे लक्ष मुख्यतः किल्ले, मंदिरे, लेणी यांच्याकडे असते. मळ्यातली छपरे त्यांच्या यादीत क्वचितच येतात. कणेरी मठातील सिद्धगिरी संग्रहालयाने जुने ग्रामजीवन पुतळ्यांच्या रूपाने राखले आहे. ते काम मोलाचेच, पण पुतळ्याच्या हाताला पाकाची गोळी कळत नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि या वास्तूंच्या दृष्टीने तेच सर्वांत उपयोगाचे पाऊल आहे. ते नावाचे रक्षण करते. नावाला दर मिळाला तरच चुलवण पेटते आणि छप्पर शाकारले जाते. रसायनाविना केलेला गूळ थोडा काळपट, तांबूस असतो. काही गुऱ्हाळे असा गूळ थेट गिऱ्हाईकाला विकून तग धरून आहेत. हंगामात, दिवाळीनंतरच्या थंडीत, कोल्हापूरला जाणाऱ्याने एखाद्या चालू गुऱ्हाळावर थांबावे आणि पिवळा रंग न मागता तोच गूळ विकत घ्यावा.