सेनिओकांठची ‘क्रेमोना’ फौज व निमजचे नामदेव जाधव

नगर (हल्लीं अहिल्यानगर) जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव यांस ‘इटलीच्या लढाईत’ व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढ्याच मोघम उल्लेखावरून शत्रु इटालियन होता असा ग्रह होणें साहजिक आहे. वस्तुतः त्या प्रसंगीं समोर जर्मन होते, व इटालियन फौज त्याच कोअरच्या हुकमतींत आपल्या बाजूनें लढत होती. त्याचा खुलासा येथें करतों.

मार्च १९४१ मध्यें एरिट्रियांतील केरेन येथें ३/५ मराठा पलटण इटालियनांशीं निकरानें झुंजली. पुढें ८ सप्टेंबर १९४३ रोजीं इटलीची शस्त्रसंधि जाहीर झाली व १३ आक्टोबरास तेथील सरकारनें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें. १९४४ त जनरल उतिली यांच्या हाताखालीं इटालियन मुक्तिसेना उभी राहिली. त्याच वर्षीं ती मोडून नवे लढाऊ गट बांधण्यांत आले. पैकीं जनरल प्रिमिएरी यांचा ‘क्रेमोना’ गट मात्र त्याच नांवाच्या जुन्या डिव्हिजनपासून निघाला. त्याचीं हत्यारें व पोषाख इंग्रजी होते.

एप्रिल १९४५ मध्यें ब्रिटिश आठव्या फौजेच्या पांचव्या कोअरांत हा गट होता, आणि आठवी हिंदी डिव्हिजनही होती. जाधवांची १/५ मराठा, म्हणजे जंगी पलटण, या डिव्हिजनींतली. सेनिओ नदी लहानच. पण तिच्या दोन्ही कांठांस पुराचे उंच मातीचे बांध आहेत. जर्मनांनीं ते पोखरून मोर्चे केले होते, म्हणजे बांध नव्हे, गढीचा तटच म्हणावा!

९ एप्रिल रोजीं पूर्वेकडील बांधावरील चढाईंत जाधवांची लहानशी तुकडी जवळजवळ कापली गेली. कंपनीचे निरोप्ये असलेल्या या तेवीस वर्षांच्या शिपायानें दोघां जखमींस खोल पाण्यांतून, उभ्या कांठावरून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून सुरक्षित आणलें. मग परत जाऊन यांत्रिक तोफांचे तीन मोर्चे बंद पाडले. हात जखमी होऊन बंदूक चालेना, तेव्हां ती टाकून हातबाँब घेतले. शेवटीं बांधावर चढून मराठा रणघोष केला व मागील कंपन्यांस पुढें बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं क्रेमोना गटानें जवळचें आल्फोन्सिने घेतलें.

सरकारी प्रशस्तींत ‘मराठा रणघोष’ एवढेंच आहे, शब्द नाहींत. पलटणीचा घोष ‘बोल श्री छत्रपति शिवाजी महाराज की जय’ हा असल्यानें तोच असावा असें आम्हांस वाटतें. परंतु तो प्रशस्तीचें अवतरण म्हणून देऊं नये.

गांवोगांवच्या पेट्यांतून शिपायांचीं पत्रें व नोकरीचीं पुस्तकें गोळा करणारांनीं पलटणीबरोबर सालही अवश्य टिपावें. केरेनची तीच ३/५ पलटण १९४४ त टायबर नदीच्या खोऱ्यांत जर्मनांशीं लढत होती. नाईक यशवंत घाडगे १० जुलैस तेथेंच पडले. आडनांवाचीं इंग्रजी रूपेंही निरनिराळीं आढळतात. ‘जाधव’ हेंच ‘जदाव’सारखेंही लिहिलेलें दिसतें.