जुने इंजिन, तेलाचा डबा आणि बाटलीतले औषध



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या गटकार्यालयात उसाच्या नोंदीइतकीच चर्चा ट्रॅक्टरची होते. दसऱ्याच्या आगेमागे तोडणी-वाहतुकीचे करार होतात आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "साहेब, गाडी ऑईल खातीय, कोणतं टाकू?" आपल्या कार्यक्षेत्रात नवे ट्रॅक्टर पुष्कळ आले हे खरे, पण वीस-पंचवीस वर्षे चाललेले महिंद्र, मॅसी आणि एचएमटी अजून दोन-दोन ट्रॉल्या ओढतात. एचएमटीने तर 2016 साली ट्रॅक्टर काढणेच बंद केले, तरी त्यांचे ट्रॅक्टर नेवासे-श्रीरामपूरच्या रस्त्यावर धावताना दिसतात. शिवाय वीज नसेल त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून विहिरीवर झाकून ठेवलेले किर्लोस्करचे इंजिन बऱ्याच घरी आहे. अशा इंजिनांसाठी चार व्यवहारी गोष्टी येथे देत आहोत. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. भरलेली ट्रॉली वाटेत दोन दिवस उभी राहिली तर वजन आणि साखर दोन्ही घटतात आणि तो तोटा सभासदाचाच असतो. म्हणून हा विषय शेतकी विभागाचाही आहे असे आम्ही समजतो.

पहिली समजूत अशी की जुन्या इंजिनाला जाड तेल चांगले. यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. डब्यावरचे आकडे नीट वाचा. एसएई 40 हे एकेरी तेल आणि 15डब्ल्यू-40 हे दुहेरी तेल, इंजिन तापल्यावर म्हणजे 100 अंशाला, एकाच जाडीच्या पट्ट्यात बसतात. फरक आहे तो थंडीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 अंशांखाली उतरतो आणि नेमकी तेव्हाच पहाटे चारला गाडी चालू करावी लागते. त्या वेळी एकेरी तेल काकवीसारखे होते. वरच्या रॉकरपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. 15डब्ल्यू-40 थंडीत पातळ राहून लवकर पोचते आणि गरम झाल्यावर 40 इतकेच जाड राहते. तेव्हा "दुहेरी तेल पातळ असतं" ही तक्रार बिनबुडाची आहे. इंजिन फारच झिजले असेल, गरम झाल्यावर दाबाचा काटा खाली बसत असेल, तर 20डब्ल्यू-50 चालेल. त्यापलीकडे जाड तेल टाकणे म्हणजे फाटक्या धोतराला ठिगळावर ठिगळ.

डब्यावर दुसरी खूण असते ती एपीआयची. 'एस'ने सुरू होणारे अक्षर पेट्रोल इंजिनाचे आणि 'सी'ने सुरू होणारे डिझेलचे. मोटारसायकलचे उरलेले तेल इंजिनात ओतण्याची काटकसर कोणी करू नये. सीएफ-4, सीएच-4, सीआय-4 अशी अक्षरे पुढे सरकतात तसा दर्जा वाढतो. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला सीआय-4 भरपूर झाले. सीके-4 हे धुराड्यात गाळणी बसवलेल्या नव्या वाहनांसाठी काढलेले आहे. टाकले तर बिघडत नाही, पण जादा पैसे कशाला?

आता बाटलीतल्या औषधाकडे वळू. आठवडे बाजारात आणि सुट्या भागांच्या दुकानांत या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात. झीज थांबते, डिझेल वाचते, धूर जातो असे लिहिलेले असते. आपण डब्यातून जे तेल विकत घेतो त्यातच झीज रोखणारे जस्ताचे संयुग, काजळी धरून ठेवणारे द्रव्य, आम्ल मारणारे द्रव्य आधीच घातलेले असते. ही सर्व द्रव्ये मोजूनमापून घातलेली असतात आणि धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी ती एकमेकांशी झगडतात. त्यात वरून आणखी एक ओतले की मेळ बिघडण्याचाच संभव. अमेरिकेत स्लिक-50 नावाच्या अशाच औषधाचा मोठा गाजावाजा झाला होता. 1997 साली तेथील संघीय व्यापार आयोगाच्या कारवाईनंतर पुराव्याशिवाय झीज कमी होते असे सांगण्याची त्या उत्पादकांना मनाई झाली.

मग बाटली टाकल्यावर धूर कमी कसा होतो? होतो, हे आम्हीही पाहिले आहे. बहुतेक बाटल्यांत तेल जाड करणारा चिकट पदार्थ असतो. आठ-पंधरा दिवस निळा धूर कमी दिसतो, पण रिंग काही भरून येत नाही. ऑईल सील कडक होऊन थेंब गळत असेल, तर रबर मऊ करणाऱ्या औषधाने एखादा हंगाम निभावतो, एवढे मान्य करू. डिझेलमध्ये टू-टी तेल मिसळण्याची एक नवी चालही निघाली आहे. नव्या डिझेलमध्ये गंधक नाही म्हणून पंप सुका पडतो, असे त्याचे कारण सांगतात. एके काळी डिझेलमध्ये शेकडा 1 पर्यंत गंधक चालत असे. 1 एप्रिल 2020 पासून ते दहा लाखांत 10 भागांवर आले आहे, हे बरोबर. पण पंपाला लागणारे वंगणगुण डिझेलमध्ये टिकतील अशी तजवीज रिफायनरीतच केलेली असते. उलट गंधक गेल्याने आम्ल कमी तयार होते आणि तेल जास्त टिकते. जुन्या इंजिनाला हा फायदाच झाला.

खरा वैरी धूळ आहे. आमच्या गटातील एका सभासदाने दोन हंगाम भारी तेल आणि बाटल्या वापरल्या, तरी रिंगा गेल्या. इंजिन खोलले तेव्हा हवेच्या गाळणीकडून येणाऱ्या रबरी नळीला पन्हाळीच्या बाजूने चीर सापडली. वरून काही दिसत नव्हते. चीरेतून पाचटाच्या फडातली माती थेट लायनरमध्ये जात होती, आणि मातीतली वाळू पोलादाला कानशीसारखी खाते. तेलाच्या वाटीची गाळणी असेल तर हंगामात वाटी रोज उघडून बघा. तळाशी गाळ बसला की धुऊन नवे तेल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर भरू नका. जादा तेल इंजिन ओढून घेते आणि मग गाडी आवरत नाही.

तेल कधी बदलायचे? पुस्तिकेत तास दिलेले असतात, पण तासाचा मीटर चालू असलेला जुना ट्रॅक्टर आम्हांस क्वचितच भेटतो. त्यावर तोडगा डिझेलच्या वहीचा. ताशी 4 लिटर जळत असेल तर 200 तास म्हणजे 800 लिटर. वहीत बेरीज 800 झाली की गरम इंजिनातून तेल काढा आणि फिल्टरही त्याच दिवशी बदला. तेल काळे झाले म्हणून घाबरू नका. काजळी पोटात धरणे हेच त्याचे काम आहे. मात्र पट्टीवर दुधाळ दिसले तर पाणी शिरले, आणि डिझेलचा वास येऊन पातळ झाले असेल तर इंजेक्टर किंवा पंप बघायला पाहिजे. सुटे तेल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ते बऱ्याचदा जळके तेल गाळूनच भरलेले असते. सीलबंद डबा घ्या, आणि रिकामा झाल्यावर त्याचे तोंड कापून टाका, म्हणजे त्यात पुन्हा कोणी भरणार नाही. जळके तेल विहिरीच्या वा पाटाच्या काठी ओतू नये. एका डब्यात साठवून परवानाधारकाला द्यावे.

एक परीक्षा घरीच करता येते. इंजिन गरम असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून बघा. तेथून धूर भकाभका येत असेल तर रिंगा-लायनर गेले, त्याला कोणत्याही डब्यात वा बाटलीत इलाज नाही. असे इंजिन करार करण्यापूर्वीच मिस्त्रीकडे द्या. दिवाळीनंतर प्रत्येक मिस्त्रीच्या दारात चार-चार ट्रॅक्टर उभे असतात आणि नंबर लागेपर्यंत निम्मा हंगाम जातो.