उंच पेल्यात जास्त पाणी?

मुलांनो, घरात चार-पाच वर्षांचं भावंड आहे? मग दोन सारख्या पेल्यांत सारखंच पाणी भरा. आता त्याच्यादेखत एकातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओता नि विचारा, "जास्त कुठं?" ते बहुधा उंच ग्लासच दाखवेल. हसू नका हं! स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांना आढळलं, की या वयात डोळ्यांना दिसतं तेच खरं वाटतं. साधारण सातव्या वर्षी मूल म्हणू लागतं, "परत ओतलं तर तेवढंच भरेल की!"

पालकहो, इथं नाशिकला माझ्या वर्गात एकीला पसरून मांडलेले पाच चिंचोके जवळजवळ मांडलेल्या पाचांहून जास्त वाटले. मी रागावले. तिचे डोळे भरून आले. कोसबाडला ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी खडे-शिंपल्यांतूनच मुलांना शिकवलं होतं. आता चिंचोके मी तिच्याच हाती देते. ती मोजते, पसरते, पुन्हा मोजते.