तारीख पाहिली, पुढे काय?

महिनाअखेर, खिशात शंभराची एकच नोट आणि समोर लाल अक्षरांतली पाटी : 'एकावर एक फ्री'. नूडल्स, बिस्किटं, चीज, जे दिसेल ते बास्केटमध्ये. हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. त्यातला एखादा हुशार गडी पाकीट उलटं करून बघतो, तर मुदत कधीच संपलेली. मग तो काय करतो? पाकीट गुपचूप जागेवर ठेवतो आणि दुसरं उचलतो.

तो सुटला, पण पाकीट तिथंच आहे. थोड्या वेळानं ते दुसरं कुणीतरी उचलणार. कदाचित बारीक अक्षरं न दिसणारे एखादे आजोबा, कदाचित बाळासाठी खाऊ घेणारी घाईतली आई. आपली जागरूकता आपल्या बास्केटपुरतीच राहते, घोळ होतो तो इथं.

आधी तारखा नीट समजून घेऊ. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोपर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा चांगला राहील. ती उलटली म्हणजे पदार्थ लगेच विषारी झाला असं नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' मात्र शेवटची रेघ. त्यानंतर तो पदार्थ खायचा नाही आणि विकायचाही नाही. शिवाय ही तारीख पाकीट बंद असेल आणि नीट साठवलेलं असेल तरच खरी. बंद पडलेल्या फ्रीजमधलं पनीर किंवा फुगलेलं दह्याचं पाकीट तारखेत असलं तरी नकोच. छापील तारखेवर दुसरा स्टिकर दिसला किंवा ती खोडलेली वाटली, तर तिथंच विचारा.

दुकानात जुना माल पुढे आणि नवा मागे लावायची पद्धत असते. पण कमी खपणाऱ्या वस्तू कोपऱ्यात पडून राहतात आणि तपासायच्या राहून जातात. आता ही चूक कुणाची? 2006चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा स्पष्ट सांगतो : मुदत संपलेला पदार्थ विकला, तर जबाबदारी विक्रेत्याची. 'आम्हाला कंपनीकडून असाच माल येतो' हे उत्तर चालत नाही.

म्हणून असं पाकीट दिसलं, की थेट मॅनेजरच्या हातात द्या. भांडायची गरज नाही. 'हे काढून घ्या आणि मागची पाकिटंही बघा' एवढं म्हटलं तरी पुरे. त्यांनी दाद दिली नाही, तर तारीख, बॅच नंबर आणि 14 आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक यांचा फोटो काढा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' अॅपवर किंवा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

घरी आल्यावर लक्षात आलं तर? बिल शोधा. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी इथं कामाची नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्रकरण वाढलंच, तर जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही आणि वकीलच हवा असंही नाही.

दहा मिनिटांत दारात सामान येतं, तेव्हा तर पाकीट उलटून बघायची सोयच नसते. नोव्हेंबर 2024मध्ये एफएसएसएआयनं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, की डिलिव्हरीच्या वेळी पदार्थाची किमान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. जून 2025मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएनं धारावीतल्या अशाच एका कंपनीच्या गोदामाचा परवाना निलंबित केला. मुदत संपलेला माल वेगळा न ठेवणं, हे त्यामागचं एक कारण होतं. तेव्हा पिशवी आली, की आधी तारखा बघा, मगच पाकीट फोडा.

आणि बिल? त्याचा बोळा करून बाहेरच्या डब्यात टाकू नका. पाकीट संपेपर्यंत ते जपा. तक्रारीला वजन येतं ते त्यानंच.