जग सरकले, अभ्यासक्रम कुठे आहे?

पहिले महायुद्ध संपले आणि पुढच्याच वर्षी, 1919 मध्ये, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या गावी आंतरराष्ट्रीय राजकारणाचे जगातले पहिले अध्यासन सुरू झाले. पैसा दिला डेव्हिड डेव्हिस या धनिक खासदाराने. नाव दिले अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. असा संहार पुन्हा होऊ नये म्हणून त्याची कारणे अभ्यासायची, हा हेतू. 1936 मध्ये त्याच अध्यासनावर ई. एच. कार आले आणि 1939 मध्ये, दुसरे महायुद्ध पेटत असताना, त्यांनी या सदिच्छेचाच पुस्तकभर समाचार घेतला. विषयाची ही जन्मकथा आपल्याकडचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या सत्रात पाठ करतो.

दुसरी जन्मकथा मात्र क्वचितच कोणी सांगते. परराष्ट्र धोरणाच्या जगात आज ज्याला मोठा मान आहे, त्या 'फॉरिन अफेअर्स'मध्ये 1922 साली एक जुने नियतकालिक विलीन झाले. 1910 मध्ये ते निघाले तेव्हा त्याचे नाव होते 'जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट'. वंश, वसाहती आणि त्यांवरचे राज्य हे त्या काळच्या अमेरिकी अभ्यासकांचे जिव्हाळ्याचे प्रश्न होते. रॉबर्ट व्हिटालिस यांनी 2015 मध्ये हा इतिहास ग्रंथरूपाने मांडला. या दोन्ही कथा पहिल्याच तासाला शेजारी ठेवल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. सिद्धान्त आकाशातून पडत नाही, कोणाच्या तरी गरजेतून जन्मतो, हे विद्यार्थ्याला तिथेच उमजेल आणि पुढे वॉल्ट्झ किंवा मिअरशायमर हे वास्तववादी सिद्धान्तकार वाचताना तो डोळे उघडे ठेवील.

भारतातली सुरुवात उत्तम होती. 1955 मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज उभे राहिले, ए. अप्पादोराय त्याचे पहिले संचालक. पुढच्याच वर्षी जादवपूर विद्यापीठात स्वतंत्र विभाग निघाला. दिल्लीची संस्था 1970 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. त्या पिढीचा भर प्रदेशांच्या अभ्यासावर होता: एक देश निवडायचा, त्याची भाषा शिकायची, तिथली कागदपत्रे वाचायची. हे काम कष्टाचे आणि खर्चाचे. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद यांच्या नोट्सनी घेतली आहे. चीनवर प्रबंध लिहिणाऱ्याला चिनी वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर तो चीनविषयी इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी काय लिहिले एवढेच सांगू शकेल.

आणि सत्ता तर डोळ्यांदेखत सरकते आहे. क्रयशक्तीच्या हिशेबाने चीनची अर्थव्यवस्था 2014 च्या सुमारास अमेरिकेच्या पुढे गेली. तरी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत चीनची मते सुमारे 6 टक्के आणि अमेरिकेची 16 टक्क्यांहून अधिक. मोठ्या निर्णयांना 85 टक्के मते लागतात, म्हणजे नकाराधिकार एकट्या अमेरिकेकडे. ब्रिक्सची पहिली शिखर परिषद 2009 मध्ये चार देशांची होती. 2024 मध्ये इजिप्त, इथिओपिया, इराण, संयुक्त अरब अमिराती आणि 2025 मध्ये इंडोनेशिया आत आले.

वर्गात मात्र मी आकड्यांपेक्षा एक मतपत्रिका फळ्यावर लावीन. 2 मार्च 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवरील रशियन आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आला. बाजूने 141, विरोधात 5, तटस्थ 35. भारत तटस्थ, चीन तटस्थ, पाकिस्तानही तटस्थ. आता प्रत्येकाचे कारण शोधा. आपल्याला शस्त्रांचे सुटे भाग आणि युक्रेनमध्ये अडकलेले विद्यार्थी. चीनला मॉस्कोशी नुकतीच दृढ केलेली मैत्री. पाकिस्तानचे पंतप्रधान तर आक्रमणाच्या दिवशी मॉस्कोतच होते. नेपाळ आणि भूतान ठरावाच्या बाजूने गेले. याहून बारीक गोष्ट म्यानमारची: देशात लष्कराची सत्ता, पण आमसभेतल्या खुर्चीवर पदच्युत सरकारने नेमलेला प्रतिनिधी, आणि त्याने रशियाविरुद्ध मत दिले. मग राज्य म्हणजे कोण? सार्वभौमत्वावरचे प्रकरण इथून सुरू केले तर विद्यार्थी ते विसरणार नाही.

आपल्या घरातली सामग्रीही अशीच दुर्लक्षित आहे. कौटिल्याचे मंडल एका परिच्छेदात उरकले जाते; मुंबई विद्यापीठाने 1960 च्या दशकात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची संशोधित आवृत्ती किती विद्यार्थी हातात घेतात? आणि रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तर इतिहासाच्या विभागात बंद. अठराव्या शतकाच्या आरंभी हा मुत्सद्दी बजावतो आहे, की टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे त्यांचे राजे उभे आहेत. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी न देता आत द्यावी. व्यापारी कंपनी आणि तिच्यामागची राज्यसत्ता, बंदर आणि सार्वभौमत्व यांचा इतका रोखठोक विचार या भूमीवर मराठीत झालेला असताना, परकी गुंतवणुकीच्या बंदरांवर शिकवताना श्रीलंकेच्या हंबनटोटाबरोबर आज्ञापत्र का वाचू नये?

जग असे वर्गात आणायला वेगळे अनुदान लागत नाही. जवळचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि पुढच्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा प्रवास लांबला, भाडे वाढले. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा प्रकल्पाचा विषय देताना नेहमीचे 'भारत-अमेरिका संबंध' बाजूला ठेवा. निफाडच्या बागाईतदाराकडे, न्हावा शेवाच्या मालवाहतूकदाराकडे विद्यार्थ्यांना पाठवा, बिले आणि तारखा गोळा करायला लावा, आणि अहवाल मराठीत लिहून घ्या.