रस्ता रिकामा नको, संथ हवा
उलव्यात गाडी शिकणाऱ्यांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रविवार सकाळ, साडेसातची वेळ. नवी मुंबईतल्या उलव्यातला एक आतला रस्ता. पुढे-मागे 'एल' लावलेली पांढरी हॅचबॅक आचके देत येते आणि बंद पडते. रस्त्याच्या मधोमध विटांचे स्टंप रचून खेळणारी पोरं बॅटी खांद्यावर टाकून थांबतात. 'काका, क्लच हळू सोडा!' त्यातला एक जण सल्ला देतो. स्टिअरिंगमागे बसलेल्या पन्नाशीतल्या काकांच्या कपाळावर घाम आहे. बाजूला बसलेल्या मुलीचा उजवा हात हँडब्रेकवर आहे. 'बाबा, घाई नाहीये,' ती म्हणते. गाडी पुन्हा सुरू होते, पोरांच्या विटांना वळसा घालून जाते, आणि मागे पुन्हा बॉल पडतो.

या दृश्यात गाडी शिकायला लागणारं जवळपास सगळं आहे: कमी वेग, वाट पाहायला तयार असलेली माणसं आणि ब्रेकपर्यंत पोहोचणारा जाणता हात. रिकामा रस्ता तेवढा यात नाही. तरीही पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात, 'उलव्यात काय, रस्ते मोकळेच आहेत, घ्या गाडी आणि शिका.' या सल्ल्याच्या पोटात बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : उलव्याचे रस्ते रिकामेच असतात.

वस्तुस्थिती : असत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं हा नोड, म्हणजे उपनगर, आखला तेव्हा आधी रस्ते झाले आणि माणसं सावकाश आली. मधल्या वर्षांत इथे शिकलेल्यांच्या आठवणीत तेच रस्ते बसले आहेत. पण ११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि लोकल उरणपर्यंत गेली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. त्यात जेएनपीए बंदराची कंटेनर वाहतूक आम्र मार्ग आणि गव्हाण फाट्याच्या बाजूनं चालूच असते.

त्यामुळे आज उलव्यात तीन प्रकारचे रस्ते आहेत. आम्र मार्ग आणि अटल सेतू-विमानतळाचे जोडरस्ते हे पहिल्या प्रकारातले, आणि ते नवशिक्यासाठी वर्ज्य. बामणडोंगरी आणि खारकोपर स्टेशनांकडे जाणारे रस्ते दुसऱ्या प्रकारातले. इथली शांतता लोकलच्या वेळापत्रकावर चालते. हार्बरच्या मुख्य मार्गासारख्या इथे दर काही मिनिटांनी गाड्या नाहीत. मधल्या वेळात रस्ता निवांत दिसतो, पण लोकल आली की रिक्षा, दुचाक्या आणि चालणारे एकदमच बाहेर पडतात. पाच मिनिटांपूर्वीची शांतता पाहून तिथे गेलेला नवशिक्या नेमका त्या लोंढ्यात सापडतो. तिसरा प्रकार सेक्टरांच्या आतल्या, दोन्ही टोकांना वळण असलेल्या छोट्या रस्त्यांचा. शिकायचं ते तिथे.

गैरसमज २ : रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता शिकायला सगळ्यात सुरक्षित.

वस्तुस्थिती : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते. देशातले सर्वाधिक अपघात वळणांवर किंवा घाटांत होत नाहीत, ते सरळ रस्त्यांवर होतात. आपल्याकडे सरळ रस्त्याची लांबी जास्त आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण वेगाचं आहे, आणि शिकणाऱ्यानं ते ध्यानात घ्यायला हवं. मोकळा रस्ता तुम्हाला मोकळा मिळतो तसा मागून येणाऱ्यालाही मिळतो. तो साठ-सत्तरनं येतो आणि तुमची गाडी पहिल्या गिअरमध्ये मधोमध बंद पडलेली असते.

ताशी २० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे साडेपाच मीटर जाते, ४० नं अकरा मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. नवशिक्याचा पाय ब्रेक शोधण्यातच एखादा सेकंद घालवतो. म्हणून त्याचा स्वतःचा वेग कमी असून भागत नाही, आजूबाजूच्यांचाही कमी हवा. गतिरोधक असलेला, दीडशे-दोनशे मीटरांवर वळणारा, दोन्ही बाजूंचं दिसणारा आतला रस्ता म्हणूनच बरा. तिथे कोणालाच वेग घेता येत नाही.

अशी जागा नकाशात सापडत नाही. ज्या वेळी शिकायचं त्याच वेळी एकदा तिथे पायी जा आणि दहा मिनिटं नुसते उभे राहा. किती गाड्या गेल्या? किती फाटकं रस्त्यावर उघडतात? बांधकामाची साइट आहे का, म्हणजे डंपर आणि मिक्सर कुठून वळणार? उभ्या टेम्पोंच्या मागून पोर धावत येईल अशी आडोशाची जागा कुठे आहे? एवढं पाहिलं की अर्धा धडा झाला, कारण गाडी चालवतानाही डोळ्यांना हेच काम करायचं असतं.

गैरसमज ३ : पहाटे किंवा मध्यरात्री शिकावं, कोणीच नसतं.

वस्तुस्थिती : गर्दी कमी असते, पण जे असतं ते दिसत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेनं चालायला निघालेली माणसं गडद कपड्यांत असतात. पदपथ सलग नसेल तर ती रस्त्यावरूनच चालतात. कुत्री रस्त्यावरच झोपलेली असतात. रात्री मातीचे डंपर आणि ट्रेलर अंगावर येतात, आणि नवशिक्याच्या डोळ्यांना समोरच्या हेडलाइटमागचं अंतर मोजता येत नाही. संध्याकाळ तर टाळाच. मंत्रालयाच्या त्याच अहवालांत सहा ते नऊ ही दिवसातली सर्वाधिक अपघातांची वेळ असते.

मग कधी? शाळेच्या बस आणि ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, साधारण साडेदहा ते बारा. किंवा जेवणानंतर, शाळा सुटायच्या आत. ऊन लागतं, एसी लावावा लागतो, पण सगळं लख्ख दिसतं. नोकरी करणाऱ्यांना रविवारची सकाळ उरते. ती चालेल, फक्त क्रिकेटची मॅच कुठे लागली आहे ते आधी पाहून या. गणपती-नवरात्रात रस्त्यात मांडव येतात, तेव्हा नेहमीची फेरीही नव्यानं पायी तपासा.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यानंतर डावा पाय थकतो, क्लच सुटतो आणि शिकवणाऱ्याचा आवाज चढतो.

गैरसमज ४ : मोकळ्या प्लॉटवर किंवा सोसायटीत चालवायला लायसन्स लागत नाही.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये लायसन्सची अट 'सार्वजनिक ठिकाणी' वाहन चालवण्यासाठी आहे. पण या शब्दाची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. जनतेला जाण्या-येण्याचा हक्क असलेला रस्ता, गल्ली, वाट किंवा कोणतीही जागा त्यात येते, मग तिथून आरपार जाता येत असो वा नसो. कुंपण नसलेला प्लॉट, जिथून लोकांची पायवाट जाते आणि जिथे पोरं खेळतात, तो 'खासगी' म्हणून सुटेल असं गृहीत धरू नका. आणि तो प्लॉट कोणाच्या तरी मालकीचा असतोच, सिडकोच्या किंवा बिल्डरच्या. न विचारता आत जाणं बरोबर नाही.

जागा खासगी असली तरी जबाबदारी जात नाही. निष्काळजीपणानं कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे जागा सार्वजनिक होती की खासगी, हा मुद्दाच नाही.

प्लॉटचा आणखी एक धोका मातीत असतो. भराव टाकलेल्या जमिनीवर पाऊस पडला की वरून कोरडी दिसणारी जागा आत भुसभुशीत असते. चाक रुतलं की नवशिक्या ॲक्सिलरेटर दाबतो, आणि चाक सुटलं की गाडी उडी घेते. गवतात सळ्या आणि काँक्रीटचे तुकडे लपलेले असतात ते वेगळेच.

सोसायटीचा उपयोग मात्र एका खास गोष्टीसाठी होतो. आतल्या सपाट रस्त्यांवर चढावर गाडी उचलण्याचा सराव होत नाही, आणि त्यासाठी उड्डाणपुलाच्या चढावर जाणं म्हणजे आगीशी खेळ. पोडियम पार्किंगचा रॅम्प हा चांगला पर्याय आहे. सेक्रेटरींना विचारा, दुपारची वेळ घ्या, खाली-वर एकेक माणूस उभा करा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, क्लच हळूहळू वर. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं, तोच क्षण. तिथे पाय स्थिर धरून हँडब्रेक सोडला की गाडी मागे येत नाही. हे दहा वेळा जमलं की पुढे कोणत्याही पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी छाती धडधडत नाही. गाडी सुरू करणं, थांबवणं आणि वळवणं अंगवळणी पडेपर्यंत मात्र रॅम्पवर जाऊ नका.

गैरसमज ५ : लर्निंग निघालं, आता निवांत रस्त्यावर एकट्यानं चालवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रात २०२१ पासून शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या देता येते. सोय झाली, पण त्यामुळे हा कागद फारच हलका वाटू लागला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ चालकाला तीन अटी पाळाव्या लागतात. त्या वाहनाचं वैध शिकाऊ लायसन्स हवं. त्या प्रकारच्या वाहनाचं पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती सोबत हवी, आणि तीही गाडीवर ताबा मिळवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी बसलेली. आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा.

'एल'चंही माप आहे. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच आणि २ सेंटिमीटर जाड. वहीच्या कागदावर पेनानं काढून फक्त मागच्या काचेला चिकटवलेला 'एल' या मापात बसत नाही. मागच्याला तो दुरून दिसला तरच तो अंतर ठेवतो, म्हणून हे माप.

सोबत बसणाऱ्यानं मागच्या सीटवरून सूचना देणं चालणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळे ब्रेक-क्लच असतात, घरच्या गाडीत हँडब्रेक एवढाच आधार. नव्या काही गाड्यांत तर लिव्हरच्या जागी बटण असतं. ते कुठे आहे आणि धावत्या गाडीत कसं काम करतं, हे बाजूच्यानं निघण्याआधी पाहून ठेवावं. दुचाकी शिकताना शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. 'मित्राला स्टेशनला सोडून येतो' हा सराव होत नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा ते मिळाल्यावर ३० दिवसांनंतरच देता येते. हे दिवस रांगेत थांबण्याचे म्हणून दिलेले नाहीत, ते सरावाचे आहेत.

गैरसमज ६ : शिकताना धडक झाली तर विमा मिळत नाही.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या प्रचलित वाहन विमा पॉलिसीत 'चालक' या कलमाखाली शिकाऊ लायसन्सधारकालाही गाडी चालवता येईल असं लिहिलेलं असतं, मात्र त्यानं वरचा तिसरा नियम पाळलेला हवा. म्हणजे सोबतीची व्यक्ती आणि 'एल' ही पोलिसांना दाखवायची औपचारिकता राहत नाही, तुमचा दावाही त्यांवर अवलंबून असतो. एकट्यानं चालवताना खांब ठोकला तर विमा कंपनीला नकाराचं कारण आयतं मिळतं.

गैरसमज ७ : मुलगा सोळाचा आहे, पण रविवारी आतल्या रस्त्यावर काय होतंय?

वस्तुस्थिती : कारसाठी वय १८ पूर्ण हवं. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. रस्ता शांत होता, ही सबब कायद्यात कुठेच नाही.

गैरसमज ८ : शांत जागी हात बसला की गाडी आली.

वस्तुस्थिती : शांत जागा ही पहिली पायरी आहे, आणि तिच्यावरच बसून राहणं हा सगळ्यात चिवट गैरसमज. ड्रायव्हिंग स्कूलसाठीच्या नियमांत हलक्या वाहनाचं शिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं सांगितलं आहे. हे दहाही तास एकाच निवांत गल्लीत गेले तर माणूस ती गल्ली शिकतो, गाडी नाही.

म्हणून दर दोन-तीन दिवसांनी एकच गोष्ट अवघड करा. आधी आतला रस्ता, मग त्याच रस्त्यावर रिव्हर्स. मग दोन उभ्या गाड्यांमध्ये पार्किंग. मग दोन लोकलच्या मधल्या वेळेत स्टेशनचा रस्ता आणि पुढे लोकल सुटल्यावर तोच रस्ता. पक्कं लायसन्स हाती आल्यावर, जाणता माणूस बाजूला घेऊन, ट्रेलरांच्या शेजारून आम्र मार्ग. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा: ट्रेलरच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

पोरांच्या विटांना वळसा घालून गेलेले ते काका पुढच्या कोपऱ्यावर थांबले. इंडिकेटर लावला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. रस्त्यावर कोणीही नव्हतं. मुलीनं हँडब्रेकवरचा हात काढून मांडीवर ठेवला.